सूट नको, वाट द्या

आमच्या धर्माबादकडच्या मुस्लिम घरांत चालता न येणाऱ्या माणसाला ‘माजूर’ म्हणतात. शब्द अरबीतून आला आहे. मूळ अर्थ, ज्याची सबब मान्य झाली असा, ज्याला सूट आहे असा. उभं राहता येत नसेल तर नमाज बसून पढावी, आजारी असाल तर रोजा नंतर धरावा. माणसाचं ओझं हलकं व्हावं म्हणून ही सूट होती. आपण तिचं कुंपण केलं. ‘तुला माफ आहे’ म्हणता म्हणता ‘तू येऊ नकोस’ यावर आपण कधी पोहोचलो, ते आपल्यालाही कळलं नाही. शेजारच्या हिंदू घरांत शब्द वेगळा असतो, वाक्य तेच असतं: “कशाला त्रास करून घेतोस, तू घरीच थांब.”

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आणि तो दवाखाना, बँक किंवा तहसील कार्यालयाबद्दल नाही. किल्ला, डोंगर, नदी, धबधबा, जंगल आणि शिबिर यांच्याबद्दल आहे. म्हणजे जिथे माणूस कामासाठी जात नाही, जीव रमतो म्हणून जातो, त्या जागांबद्दल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. निराधार योजनेचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, कचेरीची पायरी चढता येत नाही आणि तुम्हाला किल्ले सुचतात? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो. धडधाकट बेकार पोरगा मित्रांसोबत सहस्रकुंडचा धबधबा बघायला निघाला, तर त्याला कुणी थांबवून विचारतं का, की आधी नोकरी लागली का? आनंदाचा हक्क त्याला आपोआप मिळतो. काठी किंवा चाकाची खुर्ची आली, की मात्र आधी पोट, मग औषध, मग कागदपत्रं, आणि सगळं उरकलं तर करमणूक, अशी रांग लावली जाते. त्या रांगेत करमणुकीचा नंबर कधीच येत नाही.

कायदा ही रांग मानत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दल आहे. स्काऊटिंग, मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांत दिव्यांगांना भाग घेता येईल अशी सोय करणं, ही त्यात सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. स्थानिक संस्था म्हणजे आपली नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. म्हणजे साहस ही चैन आहे हे आपलं मत झालं. देशाच्या संसदेनं तो हक्क मानला आहे.

याच कायद्याच्या कलम ४५ नं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला, नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचा नियम १५ रद्द ठरवला. कारण, कायदा ज्याला बंधनकारक म्हणतो त्याला हा नियम नुसती शिफारस करून टाकत होता. बंधनकारक निकष तीन महिन्यांत बनवा, असं न्यायालयानं सरकारला सांगितलं. ‘जमलं तर करू’ ही भाषा बेकायदा आहे, हे आता सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं आहे.

दुसरा आक्षेप भूगोलाचा. “किल्ला म्हटलं की चढ आलाच, तिथे खुर्ची कशी न्यायची?” हे वाक्य सह्याद्रीतून उसनं आणलेलं आहे. मराठवाड्याचे किल्ले बघा. कंधार, औसा, उदगीर, परांडा हे सगळे भुईकोट. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळाशी नातं सांगतो, भोवती खंदक आहे, पण तो आहे सपाट जमिनीवर. निसर्गानं इथे डोंगर आडवा घातलेलाच नाही. आडवे येतात ते उंबरे, उखडलेली फरशी आणि वाढलेलं गवत. दरवाजातून पहिल्या चौकापर्यंत जाण्यासाठी लाकडी किंवा लोखंडी उतार ठेवायचा म्हटलं तर तो काढता-घालता येतो, मूळ दगडाला खिळाही ठोकावा लागत नाही. सर्वमान्य प्रमाण एकास बारा. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. पुरातत्त्वाचं कारण सांगून हे टाळता येत नाही.

माझा मामेभाऊ पोलिओमुळे काठीनं चालतो. त्याच्या शाळेची सहल कंधारला गेली तेव्हा त्याला बाहेर डब्यांच्या पिशव्यांजवळ बसवलं होतं. कुणीतरी सामान सांभाळायला हवंच होतं. आज तो पन्नाशीला आला आहे, मिरचीच्या आडतीवर हिशेब लिहितो. कंधारचा किल्ला त्यानं अजून आतून पाहिलेला नाही. त्या दिवशी त्याच्याशी कुणी वाईट वागलं नाही. सगळे प्रेमानंच वागले. मला राग त्या प्रेमाचाच येतो.

या प्रेमाला धर्माचा आधार देणाऱ्यांनी इस्लामचा इतिहास नीट वाचावा. अम्र इब्न अल-जमूह हे पैगंबरांचे सहकारी पायानं अधू होते. उहुदच्या लढाईला निघाले तेव्हा मुलांनी अडवलं. तुम्हाला अल्लाहनं सूट दिली आहे, आम्ही जातो, तुम्ही थांबा, असं त्यांचं म्हणणं. अम्र थेट पैगंबरांकडे गेले. पैगंबरांनी त्यांना सूट असल्याचं सांगितलं आणि मुलांना मात्र बजावलं, की त्यांना अडवू नका. सूट कुणाला घ्यायची आणि कुणाला नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. घरच्यांनी नाही.

हज तर चालण्याचीच इबादत आहे. त्यातही उम्मे सलमा आजारी होत्या, तेव्हा त्यांना वाहनावर बसून तवाफ करायला सांगितलं गेलं. ‘तुझा तवाफ माफ’ असं म्हटलं गेलं नाही. आज सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळी मार्गिका आहे. आपले हाजी ती बघून येतात, कौतुकानं सांगतात, आणि गावी आल्यावर मशिदीच्या तीन पायऱ्या तशाच ठेवतात. मक्केत दिसलेली गोष्ट मोहल्ल्यात का आणता येत नाही, याचं उत्तर मशीद कमिट्यांनीही द्यायला हवं.

हिंदू तीर्थांवरही वाट निघते, हे आपण पाहिलं आहे. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली चालते. आपल्याच जिल्ह्यात माहूरगडासाठी लिफ्टची योजना पुढे आली. भाविकांसाठी हे करावंच. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. अडचण दगडाची नव्हती, इच्छेची होती. जिथे मतं दिसतात तिथे लिफ्ट दिसते.

आता कौतुकाकडे येऊ. कारण या विषयात दयेनंतरचा सर्वांत मोठा धोका कौतुकाचा आहे. अरुणिमा सिन्हा कृत्रिम पायानं २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये आठ दिव्यांगांचं पथक सियाचीनच्या कुमार पोस्टपर्यंत, १५,६३२ फुटांवर पोहोचलं. गोव्याचे टिंकेश कौशिक दोन पाय आणि एक हात नसताना मे २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत गेले. हे व्हिडिओ आपण सकाळी सकाळी एकमेकांना पाठवतो, खाली ‘जिद्द’ असं लिहितो. त्यातून अर्थ काय काढतो? जिद्द असेल तर सगळं होतं, म्हणजे ज्याचं होत नाही त्याच्यात जिद्द नाही. एव्हरेस्टवाल्याला टाळ्या आणि बागेच्या फाटकात अडकलेल्या खुर्चीवाल्याला उपदेश. मला या वीरांकडून उलटा धडा दिसतो. सियाचीनवर प्रशिक्षण, साधनं आणि सोबत मिळाली म्हणून वाट निघाली. तेवढंच तीन गोष्टींचं सामान कंधारच्या दरवाजात नेता येईल. सामान्य माणसाला सामान्य रविवार मिळावा, यासाठी त्यानं वीर होण्याची अट नको.

आणि पडला, लागलं तर? लागेल. सायकल शिकताना आपल्या सगळ्यांचे गुडघे फुटले आहेत. अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं, की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते आणि अतिकाळजी ती हिरावून घेते. सुरक्षेची व्यवस्था करा, प्रशिक्षित माणसं ठेवा. सुरक्षेच्या नावाखाली बंदी घालू नका.

साधनंही परकी नाहीत. अजिंठ्याला डोलीवाले आहेतच. फ्रान्समध्ये जोएल क्लॉदेल नावाच्या डोंगर-वाटाड्यानं १९८७ मध्ये आपल्या आजारी पुतण्यासाठी एका चाकाची खुर्ची बनवली. पुढे-मागे दांड्या, दोन माणसं, आणि खडबडीत वाट पार. डोलीला चाक लावल्यासारखी वस्तू. आपल्याकडच्या चांगल्या वेल्डरच्या आवाक्याबाहेरची नाही. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ मध्ये वाळूतून लाटांपर्यंत लाकडी उतार बांधला. त्याच वर्षीच्या चक्रीवादळानं त्याची मोडतोड केली, म्हणून कल्पना चुकीची ठरत नाही.

मग धर्माबादनं काय करावं? दरवर्षी १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे उघडतात. गोदावरी वाहताना बघणं हा इथला आनंद आहे, आणि या पाण्यासाठी हा तालुका भांडलाही आहे. तिथे खुर्ची नेता येईल असा उतार, कठडा आणि वापरता येईल असं एक शौचालय बांधा. काळ्या मातीत पावसाळ्यात तीनचाकीचं चाक रुततं, तेव्हा मुख्य रस्त्यापासून तिथवर पक्की वाट हवी. तीनचाकी वाटपाचे कार्यक्रम खूप झाले, चाकाला रस्ता कोण देणार? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याच्या आराखड्यात अशा जागा मागा, आणि मागायला दिव्यांगांनाच पुढे बसवा. कंधार, औसा, उदगीरच्या दरवाजांत उतार हवेत. आणि शाळांसाठी एकच साधा नियम पुरे: वर्गातलं जे मूल जिथे जाऊ शकत नाही, तिथे सहल काढायची नाही, किंवा त्याला नेण्याची सोय करूनच काढायची.

हे सगळं ‘त्यांच्यासाठी’ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ आठवावा. किल्लारी परिसरात रात्री धडधाकट झोपलेली किती माणसं पहाटे कधीच न चालण्यासाठी उठली. आणि भूकंप झाला नाही तरी म्हातारपण येतंच. आज जो उतार आपण दुसऱ्याला नाकारतो आहोत, त्याच्या पायथ्याशी उद्या आपण उभे असू.

सवाब कमवायचा असेल तर खैरातीचे इतर मार्ग भरपूर आहेत. इथे मागणं हक्काचं आहे. माजुराला सूट देणारे तुम्ही कोण? सूट त्याची आहे, हवी तेव्हा तो घेईल. तुमच्याकडे त्याची एकच गोष्ट अडकली आहे, ती वाट. ती सोडा.