चाकं आत घेणारं विमान

कोजागिरीच्या कार्यक्रमात दोन-तीन मुलांनी एकच प्रश्न विचारला, "काका, रिमोटच्या विमानाची चाकं खऱ्या विमानासारखी आत घेता येतात का?" येतात. त्याचे तयार जोड बाजारात मिळतात, त्यांना रिट्रॅक्ट म्हणतात. पण ते बसवायचे तर नीट उडणाऱ्या विमानाचा पंख कापावा लागतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. कापलेल्या फोमला ती सोय नाही. म्हणून कटर हातात घेण्याआधी थोडं गणित.

विमान माझ्या भाच्याचं. फोमचं, पंख खाली असलेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा मीटर, वजन ११०० ग्रॅम. पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक छोटं. दीड वर्ष ओवाळणीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने ते घेतलं होतं, त्यामुळे घरात त्या विमानाला मान आहे. पुढची चाकं आत घेणारी करायची तर जुन्या तारा काढूनही १६० ग्रॅम वजन वाढणार होतं. विमान ज्या कमीत कमी वेगाला हवेत टिकतं, तो वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन साधारण १५ टक्के वाढलं की हा वेग ७ टक्के वाढतो. किरकोळ वाटतं ना? पण वजन आणि वेग दोन्ही वाढल्यामुळे उतरताना जमिनीला द्यायची ऊर्जा जवळजवळ ३१ टक्के वाढते, आणि ती सोसायची नव्या पायांनी.

बदल्यात मिळतं काय? चाकं आत गेली की हवेचा विरोध कमी होतो, म्हणून तर खऱ्या विमानांत ही पद्धत रुळली. आमच्यासारख्या छोट्या, संथ विमानात तो फायदा फारसा जाणवत नाही. मी भाच्याला तसंच सांगितलं. "वेगासाठी करायचं असेल तर राहू दे." तो म्हणाला, "मामा, मला ते फक्त आत जाताना बघायचंय." हे कारण मला पटलं.

जुनी तार वाकायची, धक्का स्वतःच खायची. रिट्रॅक्टमध्ये तोच धक्का चार छोट्या स्क्रूंवर येतो आणि फोमला स्क्रू धरता येत नाही. म्हणून पंखाच्या आतल्या कार्बनच्या दांडीपर्यंत फोम कोरून ३ मिलिमीटरच्या प्लायवूडची पट्टी इपॉक्सीने दांडीलाच चिकटवली आणि स्क्रू त्या लाकडात घेतले. चाकाचा आस जुन्या चाकांच्या रेषेतच ठेवला. शेपटीवर बसणाऱ्या विमानात पुढची चाकं तोलाच्या बिंदूच्या थोडी पुढे लागतात. मागे सरकली की गवतात विमान नाकावर पडतं. पायाला हव्या त्या जाडीचा आस मिळेना. तो उधन्यातल्या एका लेथवाल्या काकांनी करून दिला. काका मूळचे शिरपूरचे. एरवी एम्ब्रॉयडरी मशीनचे पार्ट करतात. पैसे घेतले नाहीत, उडताना व्हिडिओ पाठव म्हणाले.

चाकाच्या मापावर मात्र आमचं बरंच भांडण झालं. ५० मिलिमीटरचं चाक पंखाच्या जाडीत पूर्ण मावतं, दिसतंही झकास. पण आम्ही उडवतो बारडोलीकडे, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात. काळी जमीन, वाळली की ढेकळं आणि भेगा. तिथे एवढंसं चाक अडकणार. शेवटी ६५ चं घेतलं. आत गेल्यावरही ते थोडं बाहेर डोकावतं. भाचा हिरमुसला, तेव्हा त्याला डकोटा विमानाचे फोटो दाखवले. त्याची चाकंही आत गेल्यावर अर्धवट बाहेरच राहतात, आणि पोटावर उतरायची वेळ आली तर त्याचा उपयोगच होतो.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ती, वीज. रिट्रॅक्टमधली मोटर अडकली की क्षणभर खूप करंट ओढते. तिला आणि रिसीव्हरला एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ठेवलं, तर त्या क्षणी व्होल्टेज पडून रिसीव्हर बंद पडू शकतो. मग सव्वा किलोचं विमान कोणाच्याच ताब्यात नसतं. खाली कोणी उभं असू शकतं, म्हणून हा खर्च वाचवायचा नाही. आम्ही रिट्रॅक्टला वेगळा बीईसी दिला, रिसीव्हरकडून फक्त सिग्नलची वायर आणि सामाईक ग्राउंड.

रिमोटवरच्या स्विचचाही एक किस्सा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप मिटवायला जायचे आणि चाकं आत घ्यायचे, कारण दोन्हींचे खटके सारखेच आणि शेजारी-शेजारी होते. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांना दोष न देता चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा लावला. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखंच असतं. आम्ही आमच्या स्विचवर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चढवली.

घरी विमान टांगून चाकं पन्नास वेळा आत-बाहेर केली. पहिल्या उड्डाणात ती खालीच ठेवली, दुसऱ्यात आत घेतली. सहाव्या उड्डाणात उजवा पाय खाली येईना. रिट्रॅक्ट अडकलं तरी रिसीव्हर शाबूत होता, विमान हातात होतं. एका पायावर उतरणं सगळ्यात वाईट, म्हणून भाच्याने डावाही आत घेतला, मोटर बंद केली आणि उंच गवतात पोटावर उतरवलं. प्रॉपेलर मोडला, बाकी काही नाही. बिजागरीत काळ्या मातीचं ढेकूळ घट्ट बसलं होतं. आता प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशने ते साफ करणं हे त्याचं काम.

कोणाला करून बघायचं असेल तर जागेचं आधी बघा. डुमसचा किनारा मोकळा दिसतो, पण मगदल्ल्याचा विमानतळ शेजारीच आहे, तिथे उडवायचं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची मॉडेलही येतात. डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का हे बघून मगच जा. आणि उत्तरायणाच्या आठवड्यात विमान घरीच ठेवा. मांजा प्रॉपेलरमध्ये गेला की रिट्रॅक्ट वगैरेचा प्रश्नच उरत नाही.