दुकान बदलून महागाई हटत नाही

विजेचे बिल जड झाले? मग कंपनी बदला! मुंबईच्या उपनगरांतील ग्राहकाला गेली कित्येक वर्षे हा उपदेश ऐकवला जात आहे. स्पर्धा आली, ग्राहक राजा झाला. आता त्याने दोन दरपत्रके समोर ठेवून स्वस्त ते निवडावे, असे हे अर्थशास्त्र. या राजाचे राज्य केवढे, हे माहुलला जाऊन पाहावे.

माहुल परिसरात टाटांचे ट्रॉम्बे औष्णिक वीज केंद्र १९५६ पासून उभे आहे. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. मूळ कोळी वस्तीच्या जोडीला तानसा जलवाहिनीलगतची विस्थापित कुटुंबे २०१७ पासून येथे आणून ठेवली गेली. येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. मुंबईच्या विजेची आणि इंधनाची किंमत येथील माणूस आधी फुप्फुसांनी मोजतो आणि महिनाअखेर पुन्हा रुपयांत. कंपनी बदलल्याने यातले पहिले देणे कणभरही कमी होत नाही.

मग दुसरे तरी होते काय? जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरचा किरकोळ वीजविक्रीचा हक्क मान्य केला. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा ग्राहकांना दिली. अनेकांची त्यातून बचत झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्याचे चार पैसे वाचतात, त्याने ते जरूर वाचवावेत. परंतु खांब तोच आणि तारही तीच. तारेच्या मालकाला वहन आकार द्यावाच लागतो. २०११ मध्ये स्थलांतरित ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा अधिभारही बसला. कारण उघड होते. जादा दर भरणारा मोठा ग्राहक निघून गेला, तर त्याच्या आधारावर सवलतीची वीज मिळवणाऱ्या लहान ग्राहकाचा भार कोणी उचलायचा? एकाची बचत ती दुसऱ्याची दरवाढ, असा हा बाजाराचा न्याय!

आणि मालकी? २०१८ मध्ये रिलायन्सचा मुंबईतील वीजव्यवसाय अदानी समूहाने सुमारे १८,८०० कोटी रुपयांना घेतला. लाखो घरांचा पुरवठादार बदलला; त्या घरांना कोणी विचारले? ग्राहकाने कंपनी निवडावी, हे पुस्तकात. कंपन्यांनी ग्राहकांसकट व्यवसायाची खरेदी-विक्री करावी, हे व्यवहारात.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांनी दुसऱ्या वाण्याचा पत्ता विचारला नव्हता; महागाईचा जाब सत्तेला विचारला होता. विजेच्या दराचा जाबही तसाच विचारला पाहिजे. मुंबई शहरात बेस्टच्या रूपाने १९४७ पासून वीजवितरण महापालिकेच्या मालकीचे आहे. त्या कारभारात दोष असतील. पण ते विचारायला मतदाराला एक दार आहे. उपनगरांना ते का नसावे? वितरण सार्वजनिक मालकीचे व्हावे, किमान गरजेची वीज गरिबाला परवडेल अशा दराने मिळावी आणि शहराच्या विजेसाठी व इंधनासाठी जी वस्ती धूर सोसते, तिला आधी श्वास घेण्याजोगी हवा मिळावी. या मागण्या एकेकट्या ग्राहकाने अर्ज भरून पुऱ्या होणाऱ्या नाहीत. त्या संघटित नागरिकांनीच लढून मिळवाव्या लागतील.