तिजोरी आपली, किल्लीही आपलीच हवी

माहितीचा ताबा वापरकर्त्याकडे देणाऱ्या खुल्या वेब-मानकाचे आम्ही स्वागत करतो. मात्र कंपन्यांच्या सोयीसाठी ते पातळ होता कामा नये. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची ‘सॉलिड’ संकल्पना सांगते, की माहिती ॲपकडे नव्हे, तर वापरकर्त्याने निवडलेल्या साठ्यात राहावी. तिचा धागा पकडून, वेब-मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा कार्यगट २०२४ पासून या मानकावर काम करीत आहे.

कळीचा मुद्दा स्थलांतराचा आहे. साठवणूक पुरवणारी कंपनी बदलली की सहसा माहितीचा वेबपत्ता बदलतो, जुने दुवे तुटतात, ॲपना दिलेल्या परवानग्या नव्याने द्याव्या लागतात. ही कटकट टाळण्यासाठी वापरकर्ता जाचक अटीही मुकाट्याने सोसेल. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. माहितीलाही तीच मुभा हवी.

विनाअडथळा स्थलांतराची तरतूद ऐच्छिक न ठेवता कार्यगटाने ती बंधनकारक करावी. अन्यथा मक्तेदार बदलतील, मक्तेदारी कायम राहील.