राज्यघटना शिकण्याचा हक्क कोणाचा?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. तिथल्या बहुतेक राज्यांत या वयाच्या मुलांना सरकार आणि राजकारण हा विषय शिकवला जातो. काँग्रेस कायदा कसा करते, राष्ट्राध्यक्षाचे अधिकार किती, न्यायालय कोणाला अडवू शकते, हे अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळण्याआधी मुलांना कळावे, हा हेतू. हेतू चांगला आहे. पण ही समज कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, हा खरा प्रश्न आहे.

इतिहास पाहा. मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या काळ्या माणसापुढे अधिकारी राज्याच्या घटनेतील एखादे कलम ठेवत असे आणि त्याचा अर्थ विचारत असे. कलमे २८५. कोणते विचारायचे हे गोरा अधिकारी ठरवणार आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार! आधी शाळा द्यायची नाही आणि मग अज्ञानाचे कारण सांगून मत नाकारायचे, अशी ही व्यवस्था होती. म्हणूनच १९६४ च्या उन्हाळ्यात चळवळीतील तरुणांनी त्याच राज्यात ४० हून अधिक ‘फ्रीडम स्कूल’ काढल्या आणि काळ्या मुलांना नागरिकत्वाचे धडे दिले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतील या परीक्षा बंद पाडल्या.

आज चित्र बदलले आहे, हे मान्य केले पाहिजे. कॉलेज बोर्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अभ्यासक्रमात या विषयासाठी ९ मूळ दस्तऐवज वाचणे सक्तीचे आहे. त्यात १७८७ ची राज्यघटना आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्रही आहे. गुलामाला तीन पंचमांश माणूस मोजणारी घटना आणि तिच्याच आधारे न्याय मागणारा कैदी, दोन्ही एकाच वर्गात! शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राऊन खटलाही त्यात आहे.

मात्र ही दारे सर्वांना सारखी उघडी नाहीत. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत हायस्कूलच्या उंबरठ्यावरील, म्हणजे आठवीतील, फक्त २२ टक्के मुले नागरिकशास्त्रात प्रवीण ठरली. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा नवा अभ्यासक्रम आपल्या शाळांत नाकारला. काय शिकवायचे नाही, हे ठरवणारे हात अजून सत्तेतच आहेत.

ऱ्होड आयलंडच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये थेट न्यायालयात विचारले, नागरिक म्हणून वागण्याचे शिक्षण हा आमचा घटनात्मक हक्क नाही का? ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या तळमळीचे कौतुक केले आणि दावा फेटाळला. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही तेच केले. कारण शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९७३ पासून उभा आहे. आपल्याकडे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हा हक्क निदान कागदावर तरी दिला. जगातील सर्वांत जुन्या लिखित राष्ट्रीय घटनांपैकी एक असलेल्या देशात तो कागदावरही नाही.

घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. मिसिसिपीचा तो अधिकारी हा त्याचा पुरावा. त्याला जाब विचारायचा तर ज्याच्यावर राज्य केले जाते त्यालाच घटना ठाऊक हवी. ते शिक्षण ज्याला मिळत नाही, त्याचे मत मोजले जाते, पण त्याची सत्ता दुसराच भोगतो. अमेरिकेतील वंचितांनी हे ओळखले आणि स्वतःच्या शाळा काढल्या. हक्काचे पुस्तक कोणी आणून देईल याची वाट त्यांनी पाहिली नाही.