तुटलेला शाफ्ट लगेच भंगारात टाकू नका

बारामती-इंदापूर भागात गळीत हंगाम सुरू झाला की लेथ-वेल्डिंगवाल्या आपल्या कारागीर बांधवांना उसंत नसते. तुटलेला शाफ्ट आला, वेल्डिंग मारले, पाठवून दिला. पुन्हा तुटला की दोष लोखंडाला! ही सवय सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तुटण्याचे कारण त्या मोडलेल्या तोंडावरच असते, नुसत्या डोळ्याला दिसत नाही इतकेच. १९३१ साली बर्लिनमध्ये रुस्का आणि नॉल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सुरुवात केली. यात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरतात. वारंवारच्या ताणाने शिणून तुटलेल्या पोलादावर बहुधा बारीक समांतर रेघा दिसतात, एकदम ओढून तुटलेल्यावर खळगे. मग चूक की-वेच्या धारदार कोपऱ्याची, ओल्या वेल्डिंग रॉडची की मालाचीच, हे शोधता येते.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशी यंत्रे आहेत. खर्च एकट्या दुकानाला जड वाटेल. एकच भाग सर्वांकडे वारंवार तुटत असेल तर चौघांनी वाटून घ्यावा. तोवर तुटलेले तोंड घासू नये, दोन तुकडे जुळवून पाहू नयेत. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावेत.