दान आणि दावे

विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या कारभाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : 'आम्ही दारोदार फिरून पैसा उभा केला, मुलाला शिकविले, आणि मोठा झाल्यावर तो दुसऱ्यांचा झाला.' या तक्रारीत दुःख असेल. परंतु तिच्या मुळाशी असलेली समजूत चुकीची आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे. आपण दिलेल्या शिक्षणापोटी विद्यार्थ्याची निष्ठा आपल्याकडे गहाण पडली आहे, अशी ती समजूत होय. तिचे परिणाम काय होतात हे पाहावयाचे असेल, तर बाल्कन प्रदेशातील बॉस्नियाच्या इतिहासाकडे वळावे.

१८७८ साली बॉस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला. नव्या राज्यकर्त्यांनी रस्ते आणि रेल्वे बांधली, कचेऱ्या उभारल्या. शाळा मात्र अपुऱ्याच राहिल्या. १९१० च्या सुमारासही दहा माणसांपैकी आठांहून अधिक निरक्षर होती. विद्यापीठ तर नव्हतेच. उच्च शिक्षणासाठी हुशार मुलाला व्हिएन्ना, झाग्रेब, ग्राझ अथवा प्राग गाठावे लागे, आणि गरीब घराला तो खर्च झेपणारा नव्हता. ही उणीव समाजातील जाणत्या माणसांनी ओळखली आणि आपापल्या परीने भरून काढावयास घेतली. १८९२ मध्ये सारायेव्होच्या ज्यू समाजाने 'ला बेनेव्होलेन्सिया' ही संस्था स्थापन केली. १९०२ मध्ये ऑर्थोडॉक्स सर्बांची 'प्रॉस्व्येता' आणि कॅथलिक क्रोएटांची 'नाप्रेदाक' निघाली. १९०३ मध्ये मुसलमानांची 'गायरेत' आली. परोपकार, ज्ञानप्रसार, प्रगती असे पहिल्या तीन नावांचे अर्थ. आणि 'गायरेत' हा आपण ऐकलेल्या उर्दू 'गैरत' शब्दाचाच तुर्की भाऊ, तिकडे त्याचा अर्थ उद्यम असा होतो.

सभासदांची वर्गणी, वार्षिक कॅलेंडरांची विक्री, गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांची तिकिटे, अशा मार्गांनी या संस्थांच्या पेट्या भरत. कार्यकारी मंडळांत बसणारे लोक आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करीत. त्यांच्या श्रमांविषयी मनात आदर बाळगूनच पुढचे लिहीत आहे.

या संस्थांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चार धर्म, चार पेट्या. येथेच त्या देशाच्या फाळणीचे बीज पेरले गेले, असे टीकाकार म्हणतात. हा आक्षेप मला मान्य नाही. शेजारच्या घरी चूल वेगळी पेटते म्हणून गावात वैर माजत नसते. ज्या काळी शासनाने गरीब मुलाकडे पाठ फिरविली होती, त्या काळी त्याच्या स्वतःच्या समाजाने त्याला हात दिला, यात पाप कोणते? पाप वेगळ्या पेटीत नव्हते. पेटीतून निघालेल्या पैशाला जे दावे बांधले गेले, त्या दाव्यात ते होते.

'गायरेत'चेच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धानंतर युगोस्लाव राज्य निर्माण झाले, आणि बॉस्नियाचा मुसलमान हा मुळात सर्ब की क्रोएट, असा वाद पुढाऱ्यांनी पेटविला. गरीब मुलांच्या फीची चिंता वाहण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेत हा वाद शिरला. 'गायरेत' सर्ब बाजूला झुकली. तेव्हा क्रोएट बाजूच्या मंडळींनी १९२० नंतरच्या दशकात 'नारोद्ना उझ्दानित्सा' ही निराळी संस्था काढली. १९२९ मध्ये तर 'गायरेत'च्या अधिकृत नावातच 'सर्ब मुसलमान' हे शब्द घातले गेले. मुलाची गरिबी तीच होती, त्याची हुशारीही तीच होती. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात आता एक न लिहिलेला रकाना आला होता : तू कोणाचा? ज्या विश्वस्तांनी हा रकाना घातला, त्यांनी वेतन घेतले नसेल, पण त्याहून मोठी किंमत वसूल केली.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. इवो आन्द्रिच यांचा जन्म १८९२ साली त्राव्निकजवळ एका कॅथलिक कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील क्षयाने वारले. आईने लेकराला विशेग्रादला आत्याच्या घरी ठेवले. अशा या मुलाच्या शिक्षणाला 'नाप्रेदाक'च्या शिष्यवृत्तीने आधार दिला. क्रोएट कॅथलिकांच्या वर्गणीचा हा पैसा होता. पुढे आन्द्रिच युगोस्लाव ऐक्याच्या चळवळीत ओढले गेले. १९१४ मध्ये ऑस्ट्रियन सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. नंतर ते बेलग्रेडला स्थायिक झाले आणि सर्बियन धाटणीच्या भाषेत लिहू लागले. १९६१ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही ते क्रोएट लेखक, सर्ब लेखक की बॉस्नियाचे लेखक, यावर विद्वान भांडत असतात.

आरंभी सांगितलेल्या तक्रारखोर कारभाऱ्याला मी विचारतो : 'नाप्रेदाक'चा पैसा वाया गेला काय? मुलगा 'दुसऱ्यांचा' झाला, एवढ्यावरून तुम्ही खातेवहीत ती रक्कम बुडीत म्हणून मांडणार काय? नोबेल पारितोषिकाची सगळी रक्कम आन्द्रिच यांनी बॉस्निया-हर्झेगोव्हिनातील ग्रंथालयांना पुस्तकांसाठी दिली. त्या पुस्तकांची पाने उलटणाऱ्या मुलांना त्यांचा धर्म कोणी विचारला नाही. एका समाजाच्या पेटीतून निघालेला पैसा असा साऱ्या प्रदेशाला परत मिळाला. पेटीला दावे असते, तर तो तेथवर पोहोचलाच नसता.

'मग ही कामे शासनाकडे सोपवा, स्वयंसेवकांचे मोह आपोआप टळतील,' असा दुसरा पक्ष आहे. त्याचीही परीक्षा इतिहासाने घेतली आहे. १९४१ मध्ये उस्ताशा राजवटीने 'प्रॉस्व्येता' आणि 'गायरेत' बंद पाडल्या. युद्धानंतर 'गायरेत' आणि 'उझ्दानित्सा' यांच्या जागी 'प्रेपोरोद' आली. १९४९ मध्ये कम्युनिस्ट शासनाने या सर्व संस्थांना टाळे लावले. त्याच वर्षी सारायेव्होला विद्यापीठ मिळाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु शासनाच्या पेटीलाही दावे होतेच. फक्त ते एकाच रंगाचे होते. १९९० च्या सुमारास निर्बंध सैल होताच या संस्था पुन्हा उभ्या राहिल्या. लोकांना त्यांची गरज संपली असे कधी वाटलेच नव्हते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

आणि लगेच कसोटी आली. १९९२ ते १९९६ सारायेव्होला वेढा पडला. त्या काळात मूठभर ज्यूंच्या 'ला बेनेव्होलेन्सिया'ने औषधे दिली, शिजलेले अन्न वाटले. आणि ते ज्यू, मुसलमान, सर्ब, क्रोएट अशा सर्वांना दिले. काम करणाऱ्यांतही सर्व धर्मांचे लोक होते. आपल्या समाजाची म्हणून स्थापन झालेली संस्था आपले नाव न सोडता दार उघडे ठेवू शकते, हे त्यांनी तोफांच्या माऱ्यात दाखवून दिले. शांततेच्या काळात बैठकीच्या खोलीत बसणाऱ्यांना ते अशक्य का वाटावे?

म्हणून अशा संस्थांच्या विश्वस्तांना स्पष्ट सांगावयाचे आहे. 'आम्ही बिनपगारी राबतो' हे वाक्य ढाल म्हणून पुढे करू नका. पैसा तुमचा नाही. तो शंभर घरांतून आला आहे आणि एका मुलाकडे जावयाचा आहे. तुम्ही मधला पूल आहात. निवडीचे निकष आधी जाहीर करा, नाकारलेल्या मुलालाही कारण सांगा, हिशेब दरवर्षी सभेपुढे ठेवा, आपले नातलग अर्जदार असतील तेव्हा खोलीबाहेर जा. आणि मुलगा पुलावरून पलीकडे गेला की त्याने कोणत्या रस्त्याला लागावे, हे त्याला ठरवू द्या. हे ज्यांना जमणार नाही, त्यांनी आपली जागा सोडावी. बॉस्नियातील एका पिढीच्या कारभाऱ्यांनी ती सोडली नाही, आणि त्याची किंमत ज्या मुलांनी मोजली त्यांची नावे कोणत्याही कॅलेंडरात छापलेली नाहीत.