निरोपांचा ग्रुप म्हणजे दफ्तर नव्हे

‘व्हॉट्सअ‍ॅपवर आपला ग्रुप आहे, सगळी माणसे त्यावर आहेत, काम चालले आहे; मग दरमहा पैसे मोजून आणखी एक सॉफ्टवेअर कशाला?’ छोट्या धंद्यात हा प्रश्न बहुधा उत्तर म्हणूनच विचारला जातो. दुसऱ्या टोकाला सल्लागार असतात. ते स्लॅक, टीम्स, गूगल चॅट, झोहो क्लिक असे रकाने पाडतात, सोयीपुढे सोयी मांडतात आणि ज्याच्यापुढे खुणा जास्त त्याच्या गळ्यात माळ घालतात. मला दोन्ही मते अमान्य आहेत. कचेरीतले निरोप आणि विक्रीचे साहित्य सांभाळणारी साधने कशावर तोलावीत, याची खरी कसोटी दोघांच्याही हातून निसटते.

ती कसोटी तंजावरात तपासावी असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू मूळचे तंजावर जिल्ह्यातल्या घराण्यातले. २०१० साली सुरू झालेल्या फ्रेशवर्क्सचे संस्थापक गिरीश मातृभूतम तंजावरच्या षण्मुग अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या शास्त्र विद्यापीठात शिकले. त्यांची कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली. जगभरच्या कचेऱ्यांचे निरोप, तक्रारी आणि विक्रीच्या नोंदी हाताळणारी दोन मोठी घरे अशी या कावेरीकाठाशी नाते सांगतात. सप्टेंबर २०२४ मध्ये शहराजवळ मेलवस्ताचावडीला टायडेल निओ हे माहिती तंत्रज्ञानाचे संकुलही सुरू झाले. आणि याच तंजावरात मराठ्यांच्या राज्याचे दफ्तर आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे १३४२ गठ्ठे जपलेले आहेत. नव्या साधनांना नेमके काय विचारायचे, ते हे जुने दफ्तर शिकवते.

आधी पहिल्या पक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. व्हॉट्सअ‍ॅप सर्वांना येते, शिकवावे लागत नाही, गिऱ्हाईक तिथेच असते. जानेवारी २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही आहे. त्यात मालाची सूची लावता येते, ठरावीक उत्तरे तयार ठेवता येतात. गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरते हे सारे मला मान्य आहे. दुकानाचे दार तिथे उघडे ठेवावेच. वाद आहे तो दुकानाच्या आतल्या कारभाराचा.

तंजावर चित्रांचे एखादे दुकान डोळ्यांसमोर आणा. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर डकवलेले कापड, खडूची पूड आणि डिंक यांचा लेप, त्यातून उठवलेली मखर आणि दागिने, त्यांवर सोन्याचा वर्ख, मध्ये बसवलेले खडे. भौगोलिक मानांकन मिळालेली ही कला. ठाण्याहून एका काकूंचा फोन येतो. बालकृष्णाचे दोन फुटी चित्र हवे आहे. वर्ख खऱ्या सोन्याचा आहे का? फळी फणसाचीच ना, की प्लायवूड? वाटेत काच फुटली तर कोणाची जबाबदारी? गौरी-गणपतीच्या आधी मिळेल का? फोनवरचा मुलगा नवा आहे. तो ग्रुपमध्ये अंगठा वर सरकवत राहतो. दिवाळीच्या शुभेच्छा, कारागिराच्या रजेचा निरोप, कुरिअरची पावती, दरपत्रकाचा एक फोटो, त्याच्यावर आणखी एक फोटो. दोन्हींत दर वेगळे. कोणता चालू, ते कुठेच लिहिलेले नाही. शेवटी तो म्हणतो, ‘थोड्या वेळाने कळवतो, अम्मा.’ काकू तोवर दुसऱ्या दुकानाला फोन लावतात.

या मुलाने काही चूक केलेली नाही. त्याला लागणारे प्रत्येक उत्तर दुकानात होते. मालकाच्या डोक्यात होते, जुन्या विक्रेत्याच्या फोनमध्ये होते, ग्रुपच्या पोटातही होते. वेळेला हाताशी मात्र त्यातले एकही नव्हते. ज्याला आज सेल्स एनेबलमेंट म्हणतात, त्याचे काम एवढेच: चालू दरपत्रक, मालाची खरी माहिती, नेहमीच्या शंकांची उत्तरे, नमुने, अटी हे सारे विकणाऱ्याच्या हाती योग्य क्षणी ठेवणे. निरोप हे त्या क्षणापुरते असतात, हे साहित्य वर्षानुवर्षे लागते. ‘ग्रुप पुरे’ म्हणणारे दोन्ही एकाच ठिकाणी ओततात आणि मग गिऱ्हाईक का निसटते याचे कारण बाजारात शोधतात.

याहून गंभीर गोष्ट ताब्याची आहे. गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, त्यांच्याशी झालेले ठराव नोकराच्या स्वतःच्या फोनमध्ये असतील, तर तो नोकरी सोडतो त्या दिवशी दुकानाची निम्मी स्मृती त्याच्याबरोबर जाते. त्याच्या जागी आलेल्याला ग्रुपवर घेतले तरी आधीचा इतिहास आपोआप त्याच्या हाती येत नाही. शिवाय डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती दहा खासगी फोनांत विखरून ठेवणे ही आता केवळ गैरसोय म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ‘मग स्लॅक किंवा टीम्स घ्या, प्रश्न मिटला.’ तो मिटत नाही. विषयवार खोल्या मिळतात, शोध बरा होतो, कचेरीचे बोलणे घरगुती बोलण्यापासून वेगळे होते. हे लाभ खरे आहेत. पण खोल्यांतही दरपत्रक गाडले जातेच. स्लॅकच्या फुकट आवृत्तीत सप्टेंबर २०२२ पासून फक्त गेल्या ९० दिवसांचे निरोप दिसतात, आणि ऑगस्ट २०२४ पासून वर्षापेक्षा जुना मजकूर पुसला जाऊ लागला. कंपनीने हे लपवून ठेवलेले नाही. पण फुकटच्या भरवशावर तिथे दुकानाचे ज्ञान साठवणाऱ्याने ते समजून घ्यायला हवे. सेल्सफोर्सने जुलै २०२१ मध्ये स्लॅक सुमारे २७.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. विक्रीच्या नोंदींवर उभ्या असलेल्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही निरोपांचे साधन वेगळे घेऊन जोडावे लागले. ही दोन कामे एकमेकांना पूरक आहेत, एक दुसऱ्याची जागा घेत नाही, याला याहून मोठी साक्ष कोणती?

‘टीम्स तर ऑफिसबरोबर येतेच,’ असेही सांगतात. बरोबर येते म्हणून आपल्या कामाचे ठरत नाही. याच जोडविक्रीबद्दल स्लॅकने २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, आणि पुढे मायक्रोसॉफ्टने टीम्स वेगळे विकायला सुरुवात केली. आयते मिळालेले साधन तपासण्याचे कष्ट आपण टाळतो, आणि ते टाळले जावेत यातच विकणाऱ्याचा फायदा असतो.

तिसरा पक्ष भव्यतेचा. सिस्मिक, हायस्पॉट, शोपॅड ही खास विक्रीसाहित्याची साधने शेकडो विक्रेते असलेल्या कंपन्यांसाठी घडलेली आहेत. कोणते माहितीपत्रक किती वेळा उघडले, कोणत्या पानावर गिऱ्हाईक रेंगाळले, हे ती दाखवतात. आठ माणसांच्या दुकानाला त्याची गरज नाही. तिथे एक साधी सामायिक फाइलपेटी, तिच्यात तारीख घातलेले एकच चालू दरपत्रक आणि झोहोच्या बिगिनसारखे हलके नोंदीचे साधन पुरते. मोठे साधन छोट्या हाती दिले की ते महिनाभर भरले जाते आणि नंतर ओस पडते.

चौथा पक्ष मनाला सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्याच्याशी अधिक प्रामाणिक असले पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात झोहोचे अरट्टई हे निरोपांचे अ‍ॅप डाउनलोडच्या यादीत झपाट्याने वर गेले. ‘आपले आहे, म्हणून घ्या’ असा सूर उमटला. आपल्या मातीतल्या माणसांनी जगाच्या तोडीचे काम केले याचा मलाही अभिमान आहे. पण त्या लाटेच्या वेळी अरट्टईच्या लिखित निरोपांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हते. अभिमानाने साधन हातात घ्यावे, मात्र कसोटीला त्यातून सूट देऊ नये. स्वदेशीचा खरा मान तिला कसाला लावण्यात आहे.

आता माझी बाजू. तंजावरच्या दफ्तराकडे पाहा. तिथले भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले. गादी गेली, फौज गेली, खजिना गेला, कागद राहिले. ते राहिले, कारण ते दरबाराच्या दफ्तरात होते, एकेका कारकुनाच्या घरी नव्हते. माझी पहिली कसोटी ही: ताबा. साधनातल्या नोंदी मालकाच्या नावावर आहेत का, माणूस गेल्यावर त्या जागच्या जागी राहतात का, आणि उद्या साधन बदलायचे ठरले तर सारे बाहेर काढता येते का?

पण नुसते राहणे पुरत नाही, हेही हेच दफ्तर सांगते. मोडी वाचणारे उरले नाहीत तसे ते गठ्ठे बहुतेकांना मुके झाले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर छापले, तेव्हा तमिळ वाचकाला त्यांतला मजकूर खुला झाला. यातून उरलेल्या दोन कसोट्या निघतात: शोध आणि भाषा. नव्या माणसाला उत्तर मिनिटभरात सापडते का? आणि ते त्याच्या व गिऱ्हाइकाच्या भाषेत आहे का? तंजावरचा कारागीर तमिळ बोलतो, ठाण्याच्या काकू मराठीत विचारतात, दिल्लीचा व्यापारी हिंदीत. सरस्वती महालात तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी शेजारी शेजारी नांदतात. ज्या साधनात तमिळ आणि मराठी शब्दांचा शोध धड लागत नाही, त्याच्या बाकी खुणा मला मोजायच्या नाहीत.

ही परीक्षा घेणे अवघड नाही. गिऱ्हाइके खरोखर विचारतात ते दहा प्रश्न कागदावर लिहा. त्यांची उत्तरे प्रत्येक साधनात भरा. मग सर्वांत नवख्या माणसाला बसवा आणि घड्याळ लावून उत्तरे शोधायला सांगा. शेवटी सगळ्या नोंदी बाहेर काढून पाहा. निरोपांच्या साधनाला याशिवाय एकच प्रश्न विचारा: त्यात ठरलेली गोष्ट एका हालचालीत नोंदीत नेता येते का?

यावर आक्षेप येईल: ‘हे सारे भरायला वेळ कोणाकडे आहे?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरकडे नाही. दफ्तर कारकुनाने राखले होते. दुकानातही एका माणसाकडे हे काम नावानिशी द्यावे लागेल. जुने दरपत्रक काढणे, नवे चढवणे, नवी शंका आली की तिचे उत्तर लिहून ठेवणे. आठवड्याला दोन-तीन तास जातील. ते परवडत नसतील, तर महागडे साधन त्याहून परवडणार नाही, कारण न राखलेली नोंद चुकीचा दर सांगते आणि शब्द दुकानाचा जातो.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. बोलायला बोलण्याचे साधन ठेवा, विकायला नोंदीचे. दोन्हींची गल्लत करू नका. आधी राखणारा माणूस ठरवा, मग ताबा, शोध आणि भाषा या तीन प्रश्नांवर साधने घासून पाहा. या तिन्हींत जे उतरेल ते स्वस्त असो वा महाग, आपले असो वा परके, तेच घ्या. तुलनेच्या तक्त्यातले बाकीचे रकाने कोरे राहिले तरी धंद्याचे काही अडणार नाही.